लॉगबुकातल्या पाच सह्या

"मॅडम, तुम्ही इथं पी लिहिलंय. माझा ओ आहे."

दुपारचे पावणेदोन झाले होते, सकाळच्या शिफ्टची ओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला काम सोपवणं, चालू होती, फीमेल मेडिकल वॉर्डात जेवणाची गाडी नुकतीच येऊन गेल्यामुळे फिनेलचा आणि वरणाचा मिळून एक वास भरून राहिला होता, आणि मी इन्चार्ज सिस्टरच्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकून पोरींच्या लॉगबुकांवर भराभर सह्या मारत होते. मी शिकवते त्या नर्सिंगच्या पोरींना प्रत्येक प्रोसिजरसमोर तीनपैकी एक अक्षर मिळवायचं असतं. ओ म्हणजे नुसतं बघितलं, ए म्हणजे मदत केली, पी म्हणजे स्वतःच्या हाताने केलं. त्या दिवशी अकरा नंबरच्या आजींना कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी नळी, घालायचं होतं आणि ते मला टोकणाऱ्या ह्या पोरीने करायचं असं सकाळीच ठरलं होतं. तिने ट्रे लावला, बेटाडीन, जेली, ग्लोव्ज, दहा सीसीची सिरिंज, युरोबॅग, काही म्हणजे काही विसरली नव्हती, आणि ट्रे दोन्ही हातांत धरून निघाली. ती चालताना उजवीकडे झुकते. प्रत्येक पावलाला किडनी ट्रे बाऊलवर आपटून किण् किण् वाजत होता. मी पुढे झाले, ट्रे तिच्या हातातून घेतला, म्हटलं, "दे इकडे. तू स्टुलावर बस, नीट बघून घे." आणि कॅथेटर मीच घातलं. नंतर लॉगबुकात तिच्या नावापुढे पी लिहून सही केली. मला वाटलं मी तिचं भलंच केलंय.

ती रागावली नव्हती, नाहीतर मी विसरूनही गेले असते. कॅल्क्युलेटरवर बेरीज चुकली की मुलं दाखवतात तसं तिने ते दाखवलं. मी म्हटलं, "असू दे गं, पुढच्या वेळी करशील." तर तिने मागची पानं उलटली आणि बोट ठेवत गेली. रायल्स ट्यूब, नाकातून पोटात घालतात ती नळी. एनीमा. बेड बाथ. सक्शन, म्हणजे घशातला कफ ओढून काढणं. "हे पण मी केलेलं नाही मॅडम. आजचं धरून पाच." पाचही ठिकाणी पी होता. पाच वेगवेगळ्या शिफ्ट, तीन वेगवेगळ्या मॅडम, आणि त्यातली एक आधीची सहीसुद्धा माझीच होती, आणि मला ती केलेली आठवतसुद्धा नव्हती.

घरी आल्यावर भाकरी थापताना ते किण् किण् कानात वाजत राहिलं.

तिच्याबद्दल थोडं सांगते, नाव सांगत नाही. बाळ असताना खुब्याच्या सांध्यात पू झाला होता, गावात कळेपर्यंत उशीर झाला, मग तो पाय वाढायचा तेवढा वाढला नाही. उजव्या बुटाला खालून जाड सोल लावलेला असतो. गुडघा चांगला वाकतो, हातांत तर आमच्या अख्ख्या बॅचमध्ये नसेल एवढी सफाई, पण सलग दोन-तीन तास उभी राहिली की खुबा दुखायला लागतो आणि मग ती खालचा ओठ आतून चावते, ते ओळखायला मला सहा महिने लागले. बारावीला चांगले मार्क होते. वडील दुसऱ्याच्या शेतात कामाला. नर्सिंगच का घेतलं असं ओरिएंटेशनला सगळ्यांनाच विचारतात, सगळ्या पोरी सेवा वगैरे सांगतात, ही म्हणाली मला ऑपरेशनच्या वेळी ज्या सिस्टर होत्या त्यांचा हात गार होता आणि ताप असताना तो बरा वाटायचा. बस, एवढंच.

मी ट्रे का घेतला हे स्वतःला विचारत बसले तेव्हा एक उत्तर लगेच हाताशी आलं, पेशंटची सेफ्टी. ट्रे पडला असता, स्टराइल सामान गेलं असतं. ते खोटं नाहीये. वॉर्डात आम्ही शिकवतो ते जिवंत माणसांच्या अंगावर शिकवतो आणि अकरा नंबरच्या आजी काही कुणाचं प्रॅक्टिकल म्हणून तिथं आलेल्या नव्हत्या, त्यांचं पोट तटतटलेलं होतं. पण दुसरं उत्तर जरा उशिरा आलं. आजींची सून शेजारी उभी होती आणि तिने हिच्या पायाकडे बघून हलकेच विचारलं होतं, "ही करणार?" आणि मला त्या सुनेसमोर अवघडल्यासारखं झालं. ट्रे मी आजींसाठी घेतला का सुनेच्या नजरेसाठी, हे आजही मी ठामपणे सांगू शकत नाही. आणि ट्रेचाच प्रश्न होता तर ड्रेसिंगची ट्रॉली दहा पावलांवर होती. चाकांची. ढकलत न्यायची, वर टेकूही देते. ते माझ्या डोक्यात आलंच नाही, कारण ट्रे हातातून घेणं दोन सेकंदांचं काम होतं.

मग रात्री मला माझी पार्टनर आठवली. हॉस्टेलची रूम पार्टनर, जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, १९९८ सालची गोष्ट. तिला डाव्या कानाने ऐकूच यायचं नाही आणि उजव्याने कमी यायचं, आणि हे अख्ख्या हॉस्टेलमध्ये फक्त मला माहीत होतं. अॅडमिशनच्या फिटनेस सर्टिफिकेटवर कुणी कान तपासला नव्हता, ती ओठ बघून बोलायची आणि नेहमी माणसाच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहायची म्हणजे उजवा कान त्याच्याकडे येतो. वर्गात पहिल्या बाकावर. रात्री दिवे गेले की माझ्याशी बोलणं बंद, कारण ओठ दिसायचे नाहीत, मग मी तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायचे. ते दिवस आठवले की अजून तळहाताला गुदगुली होते. वॉर्डात मात्र तिचे हाल व्हायचे. मास्क लावलेले सर्जन राउंडला काही बोलले की ती नुसती मान हलवायची. मॅडम म्हणायच्या लक्ष नसतं हिचं, उर्मट आहे, हाक मारली तर वळून बघत नाही. पंधरा पोरींसमोर बोलायच्या. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची, म्हणजे ऐकायची पण नाही बहुतेक.

खरी गाठ बीपीची होती. स्टेथोस्कोप कोपराच्या खळग्यात ठेवून, कफमधली हवा सोडत जायची आणि ठोका पहिल्यांदा ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोका नाहीसा होतो तो खालचा. तिला ठोका ऐकूच यायचा नाही. ती मनगटाची नाडी धरायची, कफ फुगवून हवा सोडताना नाडी परत बोटाला लागली की वरचा आकडा बरोबर पकडायची, तिची बोटं फार तयार होती. पण बोटाने खालचा आकडा मिळत नाही. खालचा आकडा ती अंदाजाने लिहायची. १३० आला तर खाली ८० टाकायची. हे तिने मला गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं, आणि सांगताना तिचे हात थरथरत होते, ओला पांढरा युनिफॉर्म हातातच राहिला. मी घाबरले. मी तिला म्हटलं कुणाला सांगू नकोस. हे मी म्हटलं. काढून टाकतील तुला, कुणाला सांगू नकोस.

नंतर एका प्री-एक्लॅम्प्सियाच्या, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढलेल्या, बाईचा बीपी तिने घेतला आणि खालचा आकडा चुकला. सुदैवाने ड्यूटीवरच्या सिस्टरने दहा मिनिटांत परत घेतला म्हणून निभावलं, त्या बाईला काही झालं नाही. पण सगळं बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील ट्रंक न्यायला आले. जाताना तिने मला तिचा स्टेथोस्कोप दिला, निळ्या नळीचा.

इतकी वर्षं मी ही गोष्ट मनात अशी ठेवली होती की तिला ऐकू येत नव्हतं म्हणून ती नर्स होऊ शकली नाही, वाईट झालं पण बरोबर झालं. आता तसं वाटत नाही. त्या बाईला धोका झाला तो कानामुळे कमी आणि लपवण्यामुळे जास्त. आवाज कितीतरी पट वाढवून देणारे इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप आज मिळतात, बीपीची डिजिटल मशिनं तर वॉर्डावॉर्डात आलीत, पाऱ्याची बरीच गेलीसुद्धा. पण तेव्हाही, १९९८ लाही, तिने नुसतं "मला खालचा आकडा मिळत नाही, तेवढा कुणीतरी घ्या" असं म्हणायची सोय असती तरी पेशंट सुरक्षित राहिला असता. ते म्हणायची जागाच आम्ही तिला ठेवली नव्हती. आम्ही म्हणजे मॅडम, आणि मीसुद्धा, गच्चीवरची.

आता निदान कागद आहेत. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाली, आणि उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा ठेवायच्या असं त्यात आहे. नर्सिंग कौन्सिलच्या बीएस्सीच्या नियमातही पाच टक्के आहेत, पण ते कुणासाठी, तर पायाचं अपंगत्व चाळीस ते पन्नास टक्के असेल त्यांच्यासाठी. चाळीसपेक्षा कमी असेल तर रिझर्व्हेशन नाही, पन्नासपेक्षा जास्त असेल तर तुम्ही योग्य नाही. त्या दहा टक्क्यांच्या खिडकीतून हिचा पाय बरोबर आत बसला. पंचेचाळीस. पिवळ्या पट्टीचं यूडीआयडी कार्ड, अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आहे तिच्याकडे. मी तिची फाईल काढून बघितली तेव्हा पायाची लांबी आणि खुब्याची हालचाल मोजून काढलेला तो आकडा सापडला, पण ही पोर उभी किती वेळ राहू शकते, वाकून बेडचा कोपरा घालू शकते का, ट्रॉली ढकलू शकते का, यातलं काहीच कुणी विचारलेलं नव्हतं. २०२४ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने मुंबई हायकोर्टातून वर गेलेल्या एका एमबीबीएसच्या मुलाच्या केसमध्ये हेच सांगितलं, की चाळीस टक्के किंवा जास्त आहे एवढ्या एका आकड्यावर कुणाला नाकारू नका, तो कोर्स करू शकतो का हे बघा आणि नाही म्हणत असाल तर कारणं लिहा. वाचून मला बरं वाटलं. पण ते सगळं अॅडमिशनच्या दारापर्यंतचं. दारातून आत आल्यावर कायद्यातल्या त्या 'वाजवी सोयी' कोण करणार, तर मी. एका शिक्षिकेमागे दहा पोरी असं कागदावर, प्रत्यक्षात माझ्याकडे कधी अठरा असतात कधी बावीस, तीन वॉर्डांत विखुरलेल्या.

आणि मला कुणी शिकवलंय का हे? एमएस्सीला नाही, कुठल्या वर्कशॉपला नाही. मग आपल्या मनात जे सोपं येतं ते आपण करतो, हातातून काढून घेतो आणि वर पी लिहून देतो.

यातून थोडं बाहेर यायला मला ज्यांनी मदत केली त्या ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, मावशी. चौथी शिकलेल्या. झालं असं की ओटीचं पोस्टिंग लागलं आणि ओटीत बाहेरचे बूट चालत नाहीत, आतल्या रबरी चपला घालायच्या. म्हणजे हिचा तो सोल लावलेला बूट दाराबाहेर राहिला आणि आत ही सपाट चपलेवर, अंग तिरकं, एका कुल्ल्यावर सगळा भार. स्क्रब होऊन, म्हणजे हात निर्जंतुक करून, सव्वा तास तशी उभी राहिली. एकदा स्क्रब झाल्यावर कुठे हात टेकवता येत नाही, बसता येत नाही. केस संपल्यावर मी तिला चेंजिंग रूममध्ये बघितलं, भिंतीला टेकून ओठ चावत होती. मी म्हणणार होते की उद्यापासून तू रिकव्हरीत थांब. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात मावशी आल्या, हिच्या पायांकडे बघितलं, दोन बोटं आडवी धरून मापलं आणि म्हणाल्या, "एवढंच कमी हाय व्हय? थांब." आणि पाण्याच्या टाकीखाली लावलेला एक लाकडी पाट काढून आणला.

लाकडी पाट ओटीत चालणार नव्हता हे मलाही माहीत होतं आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर तर बघून किंचाळल्याच. पण त्या पाटाने माझ्या डोक्यात काहीतरी सरळ झालं. फरक दोन बोटांचा आहे. दोन बोटं भरून काढायची. स्टँडच्या मागे जो चप्पल दुरुस्तीवाला बसतो त्याच्याकडे तिची ओटीची रबरी चप्पल नेली, त्याने त्याच रबराचे थर चिकटवून खाली उंची दिली, साडेतीनशे रुपये घेतले, दोन दिवसांत दिली. धुता येते, बाहेर न्यायची नाही, ओटीच्या रॅकमध्येच राहते. सिस्टरांनी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली आणि चालेल म्हणाल्या. दोन वर्षं ही पोर आमच्याकडे आहे. दोन बोटं मोजायला आम्हाला दोन वर्षं लागली.

सगळं असं चपलेसारखं सुटत नाही. लॅबला सॅम्पल पोचवायला वॉर्डातून खाली जाऊन मागच्या बिल्डिंगपर्यंत जावं लागतं, लिफ्ट चालू असली तर चालू, दिवसातून सात-आठ फेऱ्या पोरींनाच मारायला लागतात. त्या फेऱ्यांतून तिला मोकळं केलं तर दोन पोरी माझ्याकडे आल्या, म्हणाल्या मॅडम, तिला बसून चार्टिंग आणि आम्ही नुसतं पळायचं का. त्यांचंही खोटं नव्हतं, त्यांचेही पाय संध्याकाळी सुजतात. मी त्यांच्यावर ओरडले नाही. हिलाच विचारलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. ती म्हणाली, फेऱ्या मला नकोत पण त्यांच्या बदली मी दहाच्या दहा बेडच्या टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वास, आणि औषधांचं बघते, त्या मोकळ्या होतील. आणि सहा तासांत दोनदा दहा मिनिटं बसायला द्या, ते मी जेवणाच्या सुट्टीतून कापून घेईन. कापून घेईन हे तिचे शब्द. जेवणाची सुट्टी मी कापू दिली नाही. सीपीआर, म्हणजे छातीवर दाब देणं, शिकवताना तर तिने स्वतःच शोधलं, पुतळ्याशेजारी उभं राहून दाब नीट बसेना तर सरळ बेडवर चढून गुडघ्यांवर बसली आणि मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या मापात, पाच सेंटिमीटर खाली जाईल असा दाब दिला, पुतळा क्लिक क्लिक वाजत राहिला. आमच्या बुटक्या पोरीही बेडशेजारी पायाखाली स्टूल घेतातच की.

हे जेव्हा मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा एक सहकारी म्हणाली, पण उद्या नोकरीत कोण हिच्यासाठी पाट आणणार. मी तिच्याकडेच बघत राहिले. गेल्या वर्षी तिची मणक्याची गादी सरकली होती, तीन महिने ती पट्टा लावून ओपीडीच्या इंजेक्शन रूममध्ये बसली होती, आणि ते कुणी तिला मागायलाही लावलं नव्हतं, आपोआप झालं होतं. प्रत्येक वॉर्डात अशी एक सिस्टर असते, गुडघे गेलेली, नाहीतर पोटुशी, नाहीतर नुकतीच ऑपरेशन झालेली, आणि बाकीच्या जणी काही न बोलता तिचे जड पेशंट उचलतात. आम्हाला येतं ते. आम्ही फक्त ते आमच्यातली झालेल्या बाईसाठी करतो, आमच्यात येऊ बघणाऱ्या पोरीसाठी नाही करत.

मध्येच एक सांगते. बारा मेला, परिचारिका दिनाला, आमच्याकडे दिवे लावून मिरवणूक असते, नाइटिंगेलबाईंच्या फोटोला हार. गेल्या वर्षी रांगेत हिला सगळ्यात शेवटी उभं केलं होतं, चाल बिघडू नये म्हणून. मला तेव्हा काही वाटलं नाही. नंतर कधीतरी वाचताना लक्षात आलं की क्रायमियाच्या युद्धाहून आल्यावर १८५७ पासून त्या बाई स्वतः आजारी होत्या, पुढची कित्येक वर्षं अंथरुणावरून फारशा उठल्याच नाहीत, आणि त्यांचं बरंचसं काम, हिंदुस्थानातल्या पाण्या-गटारांवरचं लिखाण धरून, बिछान्यात बसून झालेलं आहे. त्या कधी इकडे आल्या नाहीत, पण पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. दिवा घेऊन चालणाऱ्या बाईचा फोटो आम्ही वर्षानुवर्षं लावतोय. यंदा मी हिला पहिली उभी केली नाही, कारण तो पण तमाशाच झाला असता. उंचीप्रमाणे जिथे येते तिथे मधे उभी राहिली. रांग तिच्या चालीने चालली, दिवे विझले नाहीत.

परवा गुरुवारी फीमेल सर्जिकलमध्ये कॅथेटर घालायचं निघालं. ती ट्रॉली ढकलत आली, चाकांना तेल नाही म्हणून कुरकुरत होती, पण वरचं सामान वाजलं नाही. पेशंटच्या नवऱ्याने तिच्या बुटाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी म्हटलं, "आमच्या सिस्टर करतील, तुम्ही पडद्याबाहेर थांबा." तिने ग्लोव्ज घातले, बाईंना म्हणाली, "मावशी, आता गार लागेल हां जरा." माझे हात आपसूक पुढे जात होते म्हणून मी ते पाठीमागे एकमेकांत गुंतवून धरले, आणि एका क्षणी, जेली लावून ती थोडी थांबली तेव्हा, खरं सांगते, फार जड गेलं मागे राहणं. मग नळीतून लघवी आली. तिने दहा सीसी पाणी भरून बलून फुगवला, नळी हलकेच ओढून बघितली, बॅग लटकवली.

लॉगबुकात तिने जुन्या पाचही पींवर पेन्सिलने गोल करून बाजूला ओ लिहून ठेवलेत. त्यातले तीन आता परत पी झाले, खाली नव्या तारखा आणि सह्या. सक्शन राहिलंय आणि रायल्स ट्यूब. सोमवारपासून तिचं आयसीयूला पोस्टिंग आहे, तिथले बेड वरखाली होतात.